पान कितवं, बाई?

आईला ग्रंथ वाचायचा होता आणि मला वाटलं, हा निव्वळ फाइलीचा प्रश्न आहे. तिथंच माझं चुकलं.

आई जळकोटला राहते. अंगणवाडीतून निवृत्त झाली तरी गल्ली अजून तिला बाईच म्हणते. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचतात, दरवर्षी तोच. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी आपापली प्रत मांडीवर घेऊन ऐकायचं. प्रती सगळ्यांच्या एकाच छापाच्या, एकदमच आणलेल्या. आधी वाचायला पुरुषच बसायचे. आई बसायला लागली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती जागा तिनं कधी सोडली नाही. अंगात ताप असला तरी शाल गुंडाळून जायची.

यंदा मात्र डोळ्यांनी दगा दिला. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय, चष्मा बदलून उपयोग नाही, अक्षरं मोठी करून वाचा. बाहेर रिक्षाची वाट बघताना आई एवढंच म्हणाली, "यंदा तरी ग्रंथ माझ्या हातून पुरा व्हावा, माय." तिला दुसरं काही नको होतं. मी म्हटलं, "होतो की! न व्हायला काय झालं?"

मी नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटरवर काम करते. त्यामुळं असल्या बाबतीत मला जरा जास्तच कळतं, असा माझा समज. ग्रंथाची पीडीएफ मिळवली, टॅबमध्ये टाकली आणि नेऊन दिली. पीडीएफमध्ये छापलेलं पान जसंच्या तसं दिसतं. अक्षर मोठं करायला जावं तर अख्खं पान फुगतं आणि निम्मी ओळ पडद्याबाहेर जाते. आई बोटानं पान सरकवून ओळ संपवायची, परत मागं यायची, तोवर आपण कुठं होतो हेच तिला सापडायचं नाही. एकदा तर तीच ओळ तीनदा वाचली म्हणे. बाईला कोण बोलणार? हे तिनं मला फोनवर हसत हसत सांगितलं, पण त्या हसण्यात काही राम नव्हता.

मग पुढच्या रविवारी मी तिला त्याच ग्रंथाची ईपब फाइल टाकून दिली. यात अक्षर हवं तेवढं मोठं करा, शब्द आपोआप खालच्या ओळीत उतरतात, काही म्हणता काही बाहेर जात नाही. आईनं पडद्यावर सहा ओळी बसतील एवढं मोठं अक्षर केलं आणि खडाखडा वाचून दाखवलं. माझा जीव भांड्यात पडला. मी ऐटीत नांदेडला परतले.

दुसऱ्याच दिवशी फजिती झाली. वाचायला बसलं की आई आधी पान सांगते, सगळ्या ते पान काढतात, मग सुरुवात. अक्षर एवढं वाढल्यावर ईपबमधली पानंही वाढत जातात, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तिनं पडद्याखालचा आकडा बघितला आणि सवयीनं सांगून टाकलं, "काढा, पान नऊशे बारा."

एकीनं पुस्तक मागून पुढून उलटून बघितलं. "बाई, आमचं तर साडेचारशेतच सरतंय की ओ!"

अख्खा विहार हसला. आईही हसली आणि पान न सांगताच वाचत सुटली. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी तिचा फोन आला, "तुझा टॅब घेऊन जा. यात पान सांगता येईना. वाचायला दुसऱ्या कोनाला बसू दे."

माझं डोकं फिरलं. "पान कशाला पायजे त्यांना? तू वाचून राहिलीस ना? गुमान ऐकावं की!"

आईनं फोन ठेवून दिला.

शनिवारी मी जळकोट गाठलं. कसंबसं तिला विहारात नेलं, वाचायला बसवलं आणि मागं जाऊन बसले. माझ्या शेजारी आईच्या अंगणवाडीतली जुनी मदतनीस होती, आता पार म्हातारी झालेली. पुस्तक मांडीवर मिटलेलं, हात त्यावर नुसते फिरून राहिलेले. हळूच मला म्हणाली, "पोरी, पान कितवं चालू हाय?"

"मावशी, नुसतं ऐका ना."

"मला वाचता येत न्हाई गं. आकडे येतात, पोरांची वजनं लिहायला बाईनंच शिकवले. बरोब्बर पान काढून बसलं की वाटतं, मी बी वाचून राहिले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस ह्या मावशीच्या हातातलं वाचन मी काढून घेतलं होतं, आणि वर फोनवर तोंड सोडलं होतं.

रविवारी सकाळीच लॅपटॉप घेऊन बसले. छापील पान जिथं संपतं, तिथं ईपबमध्ये मोठ्या अक्षरात पुढच्या पानाचा आकडा टाकायचा, असं चालू पानापासून शेवटपर्यंत साडेतीनशे वेळा. मी मजकूर मोठ्यानं वाचत जाई आणि छापील प्रतीत पानाचा शेवट शोधी. आई भाजी निवडत होती. तिसऱ्या-चौथ्या पानाला ती मान वर न करता म्हणाली, "हितं उलटतं. आता सत्त्याण्णव." मी बघितलं, खरंच सत्त्याण्णव. मग मी छापील प्रत बाजूलाच ठेवली. मी वाचायची, ती सांगायची. अधूनमधून भांडलोही, मग प्रत उघडायची. दोनदा मी खरी ठरले, बाकी सगळं तिचं. आईजवळ एवढा वेळ मी कित्येक वर्षांत बसले नव्हते.

अश्विन पौर्णिमेला ग्रंथ पुरा झाला. तोवर अक्षर एवढं वाढवावं लागलं होतं की पडद्यावर जेमतेम तीन शब्द मावायचे. शेवटचं पान तिनं अडखळत वाचलं, आणि खीर वाटायच्या आधीच म्हणाली, "पुढल्या साली मला दिसंल असं वाटत न्हाई. वाचायला दुसरं कोनी बघा."

ती म्हातारी मदतनीसच बोलली, "वाचंल कोनीबी, बाई. पान तुमीच सांगायचं."

आईनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "हाव. त्येवढं डोळे मिटूनबी येतं मला."