मामांच्या जीपची थंडी

बंद पडलेल्या गाडीवर आमच्या मामेसासऱ्यांइतकं निष्ठेनं प्रेम करणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात झाला नाही, आणि पुढे होईल असं वाटत नाही. चालत्या गाडीचं कौतुक कुणीही करतं. मामांची जुनी डिझेल जीप उन्हाळ्यात गुणी असायची, पावसाळ्यात सोशिक असायची, आणि दिवाळी उलटून पहाटे दव पडायला लागलं की सरळ असहकार पुकारायची. चावी फिरवली की एखाद्या म्हाताऱ्यानं पांघरुणातच कूस बदलावी तसा बॉनेटखालून ‘घर्र... घ...’ असा आवाज यायचा आणि मग सगळं शांत. अशा वेळी इतर माणसं चिडतात, चाकाला लाथ मारतात, रिक्षा शोधायला निघतात. मामांच्या चेहऱ्यावर मात्र आता आपलं काम सुरू होणार म्हणून एक तेज चढायचं.

त्याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. मामांनी सगळा जन्म मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात, सुरक्षा विभागात काढला. निवृत्तीनंतर कारखाना सुटला. सुरक्षा अंगातून जाईना. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर त्यांनी लाल रंगात ‘धोका’ असं लिहून ठेवलं होतं, आणि नवीन पाहुण्यांना तो इशारा मामींच्या आमटीविषयी आहे असं वाटून ते जपूनच भुरका मारायचे. अंगणातल्या चिंचेला ‘आणीबाणीत जमण्याची जागा’ अशी पाटी होती. तिथे एरवी फक्त शेजारच्या कोंबड्या जमत. झोपण्यापूर्वी मामा घरभर फेरी मारून गॅस बंद करत, नळ आवळत, इस्त्रीची पिन काढत, अंगणात जाऊन जीपच्या बॅटरीची तार सोडत, आणि मग मामींच्या चुलीतल्या राखेवर पाणी शिंपडून शांतपणे झोपत. घरात काही सांडलं, तुटलं, करपलं, की मामांच्या भाषेत ती ‘घटना’ असायची, आणि घटना झाली की चौकशी. मांजरानं दूध सांडलं तरी मामा विचारत, “झाकण का नव्हतं? झाकण घासायला का टाकलं होतं? एवढी भांडी का निघाली? पाव्हणे का आले व्हते?” न कंटाळता ‘का’ विचारत गेलं की कशाचंही मूळ सापडतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या घरातल्या बहुतेक घटनांचं मूळ मामींच्या माहेरापर्यंत जाऊन पोचायचं आणि चौकशी तिथेच थांबायची, कारण पुढच्या ‘का’चं उत्तर द्यायला मामी स्वतः बाहेर यायच्या.

तर अशा माणसाच्या दारात थंडीत सुरू न होणारी जीप. हिवाळ्यातल्या कुठल्याही पहाटे त्यांच्या आळीत शिट्टी ऐकू आली तर ती मामांची समजावी. शिट्टी झाली की शाली, मफलर, कानटोप्या अशी सगळी मंडळी चिंचेखाली जमत. मामा आधी हजेरी घेत. चपला घालून आलेल्याला परत पाठवत, कारण ढकलताना पाय घसरला तर जबाबदारी कुणाची? मग ते कमरेवर हात ठेवून विचारत, “काल गाडीपाशी शेवटचं कोण व्हतं?” एवढ्या थंडीत या प्रश्नाला कुणीच नीट उत्तर देत नसे. शेजारचे तात्या एकदा वैतागून म्हणाले, “अरं, कुत्रा व्हता. चाकावर पाय वर केला न् गेला.” मामांनी त्या कुत्र्याची वेळ आणि दिशा विचारली. त्यानंतर ढकलणं. जीप उतारानं गडगडत जायची, मामा गिअर टाकायचे, एक हिसका बसायचा, काळा धूर सगळ्यांच्या तोंडावर यायचा आणि जीप जागी व्हायची. मग मामी मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा घेऊन यायच्या, आणि ज्यांना त्या दिवशी कुठंच जायचं नव्हतं असे लोकही तासभर तिथे उभे राहायचे.

मीही त्या ढकलणाऱ्यांत असायचो. भाचीचा नवरा म्हणजे जावई, जावयाचा मान मोठा, म्हणून मला मागच्या बाजूला मधोमध जागा असे. धूर तिथेच सगळ्यात जास्त येतो.

दरवर्षी मामांचा नवा सिद्धांत असायचा. एका हिवाळ्यात त्यांचं मत पडलं की गाडीला माणसासारखीच थंडी वाजते. त्यांनी मामींच्या अंगावरची गोधडी पहाटे काढून बॉनेटवर घातली. गाडी सुरू झाली नाही, मामींना मात्र पडसं झालं. पुढच्या हिवाळ्यात डिझेलमध्ये पाणी उतरतंय म्हणून सगळी टाकी रिकामी केली. नंतर हीटर प्लग बदलले. डिझेल इंजिनाला थंडीत आधी आतून ऊब द्यावी लागते, ती हे प्लग देतात. मग नवी बॅटरी आली. मग गाडीचं तोंड पूर्वेकडे करून ठेवायचं ठरलं, म्हणजे उगवतं ऊन थेट इंजिनावर पडेल. ऊन पडेपर्यंत थांबलं तर ती कुठल्याही दिशेला तोंड करून सुरू व्हायची, ही गोष्ट मी बोललो नाही. खालापूरच्या मिस्त्रीकडे जीप भर दुपारी पोचायची, तापलेली, घामेजलेली, आणि चावीला नुसता हात लावला की सुरू. मिस्त्री बिचारा इथे पाना मारी, तिथे आवळी आणि म्हणे, “मामा, गाडी एकदम टकाटक हाय.” मामा अभिमानानं मला सांगत, “बघा, परक्यासमोर कधी तोंड वाकडं करणार नाय.”

एकदा आम्हा नवरा-बायकोला सकाळची पुण्याची गाडी पकडायची होती. मामा म्हणाले, “कर्जत स्टेशनला मी सोडणार. रिक्षा म्हणजे नुसता धोका.” पहाटे शिट्टी झाली, हजेरी झाली, आमच्या बॅगा जीपमध्ये चढल्या, आणि आम्ही दोघं मान म्हणून मागून ढकलायला लागलो. उताराच्या टोकाला जीप सुरू झाली. आम्ही धावत सुटलो; पण थांबलं तर पुन्हा बंद पडेल या भीतीनं मामा थांबलेच नाहीत. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी “या मागून!” अशी खूण केली आणि जीप वळणाआड गेली. आम्ही भाजीच्या टेंपोतून, दुधी भोपळ्यांवर बसून कर्जतला पोचलो. मामा स्टेशनबाहेर इंजिन चालू ठेवून आमच्या बॅगांशेजारी उभे होते. आमची गाडी नुकतीच निघून गेली होती. “सामान येळेवर पोचलं,” ते समाधानानं म्हणाले.

पुढे मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवणं बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलं. मामींनी त्याच आठवड्यात जीप विकायची असल्याचं चारचौघांत जाहीर केलं. मामांनी विरोध केला नाही. पण गिऱ्हाईक आलं की ते जीपचे सगळे अवगुण इतक्या मायेनं सांगायचे की माणूस चहा न घेताच जायचा.

मग एके दिवशी जानकीताई आल्या. डोंगराच्या अंगावर असलेल्या, ठाकूर आदिवासींच्या एका वाडीतल्या बाई. वाडीतल्या बायकांना जमवून रानभाज्या, काकड्या, करवंदं कर्जतच्या बाजारात आणायच्या. आता वाडीपर्यंत कच्चा रस्ता झाला होता आणि त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या. मामांनी नेहमीचं पुराण सुरू केलं. त्या खाली बसून जीपच्या पोटाखाली बघत शांतपणे ऐकत होत्या. मामा दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, “म्हंजे थंडीत चालू व्हईत नाय.”

“व्हते. ढकलली का व्हते. तुमच्याकडं मानसं हाईत ना?”

“थंडीत कुठली मानसं? दिवाळी झाली का बाप्ये जातात वीटभट्टीवर. मागं बाया न् म्हातारी.” त्या उठून हात झटकत म्हणाल्या, “बाजार काय, डोक्यावर बी नेतो आमी. पण कुणी बाळंतीण अडली का झोळी करून खाली उतरवाय लागतं. म्हून गाडी बघतंय.”

मामांनी जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, आणि म्हणाले, “ताई, सोमवारी या. भल्या पहाटे या, थंडीत. दुपारी बघून नेऊ नका.”

रविवारी पहाटे त्यांनी मला बोलावून घेतलं. शिट्टी नाही, हजेरी नाही, चिंचेखाली एक कोंबडीसुद्धा नाही. मामांनी रोजच्यासारखी बॅटरीची तार जोडली आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. ते स्वतः टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकले. मी चावी फिरवली. घर्र... घ...

“परत,” मामा म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटायला लागले, “इंजिन फिरत नाय. का? सेल्फला जोर नाय. का? करंट पोचत नाय. बॅटरी तर नवी. मग का?” मी पुन्हा चावी फिरवली. बॅटरीच्या टोकापाशी एक बारीक ठिणगी उडाली. मामांनी तारेच्या क्लॅम्पला बोट लावलं आणि क्लॅम्प पडायला आलेल्या दातासारखा हलला. त्याचं तोंड झिजून फाकलं होतं. ऊन असलं की इंजिन हलकं फिरतं, तेवढ्या ढिल्या जोडावरही भागतं; थंडीत तेल घट्ट झालं की भागत नाही. “क्लॅम्प ढिला,” मामा म्हणाले. “का? रोज सोडतात, रोज हातानंच आवळतात. पाना लावत नायत. रोज कोन...”

 टॉर्च त्या क्लॅम्पवरच थांबला. मिस्त्रीनं दुपारी पाना मारून घट्ट केलेलं ते टोक त्याच रात्री सुरक्षिततेसाठी कोण सोडत होतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

मामी ओट्यावर आल्या. “सापडला का गुन्हेगार?”

“सापडला,” मामा बॉनेटखालूनच म्हणाले. “घरातलाच हाय.”

आमच्या मामींना अशा संधी फार आल्या नव्हत्या. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी स्टिअरिंगमागे जरा खाली सरकलो. पण त्या घरात गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मामांच्या हातात कप देताना नुसतं म्हणाल्या, “कानाला काय तरी बांधा. वारं हाय.”

“एवढी वर्षं सगळ्यांना थंडीत उठवलं हो, जावईबापू,” मामा म्हणाले. कोणी तक्रार केली नाही, असं मी म्हणालो. ते अगदी खरं नव्हतं, तात्या रोज करायचे. पण यायचेही रोज. दिवस वर आल्यावर मामांनी खालापूरहून नवी तार, नवा क्लॅम्प आणला आणि पान्यानं इतका घट्ट आवळला की तो सोडायला त्यांना स्वतःलाही जमू नये. त्या रात्री ते जीपकडे फिरकले नाहीत. मामी सांगतात, कूस बदलत होते सारखे.

सोमवारी पहाटे दव असं पडलं होतं की चिंचेखाली थेंब टपकत होते. जानकीताई भावाच्या मोटारसायकलवरून आल्या. जीप जाणार म्हणून न बोलावता सगळी आळी आली होती, बाह्या सरसावून, बूट घालून, आपापल्या जागी हात टेकून. ताईंनी चावी फिरवली आणि जीप लगेच सुरू झाली. कुणालाच काय करावं ते सुचेना. सगळे तसेच हात टेकून उभे. तात्या ओरडले, “अरं बंद करा ती! नीट निरोप तर घेऊ द्या!” शेवटी चालू जीपलाच सगळ्यांनी सवयीनं ढकलत वळणापर्यंत नेलं. मामा खिडकीपाशी चालत ताईंना सांगत होते, “ही तार सोडायची नाय. कुणी सांगितलं तरी नाय. मी सांगितलं तरी नाय.”

या जानेवारीत जानकीताईंनी आम्हाला वाडीवर जेवायला बोलावलं. कर्जतच्या बाजारात त्या आम्हाला न्यायला आल्या. मामा भाजी बघत होते तेवढ्यात ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं की जीपनं एकदाही त्रास दिला नाही. मागच्या थंडीत दोन बाळंतिणी त्यांनी स्वतः दवाखान्यात पोचवल्या. मग मामा पुढे त्यांच्या शेजारी बसले, आम्ही मागे रिकाम्या टोपल्यांत. रस्ता चढायला लागला. खाली वीटभट्ट्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता.

“कशी चालते?” मामांनी विचारलं.

“पयल्या चावीला, मामा.”

“थंडीत?”

“थंडीत बी.”

“बरं झालं,” मामा म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “एकदा बी नाय अडली?”

जानकीताईंनी वरच्या आरशातून आमच्याकडे पाहिलं. गिअर बदलला.

“अडली ना. एकदा. लई दव व्हतं त्या दिवशी. समद्या बाया भाईर आल्या, ढकलली.”

मामांनी मान हलवली. समोरच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“थंडीचं व्हतं तसं,” ते म्हणाले.