सुमियातीची फायनल आणि आमची जयंती

सुमियाती आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटवर घरकामाला आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपडे थोडे आणि फुटबॉलचे बूट मात्र ऐटीत वर! जावामधल्या खेड्यात ही मुलांच्यात खेळून वाढली. बापाचा मार खाल्ला, पण हटली नाही. जिल्ह्याच्या महिला संघात मिडफिल्डला पोचली. पुढे संघच मोडला आणि पोटासाठी बाई सिंगापूरला आली.

बूट काही सुटले नाहीत. महिन्यातून एक रविवार सुट्टी, त्या दिवशी इंडोनेशियन मुलींच्या टीममध्ये खेळायची. एकदा बघायला गेले आणि मी वेडीच झाले! गोल दुसरीच मारायची, टाळ्याही तिलाच. पण बॉल तिच्या पायाशी आणून कोण द्यायचं? आमची सुमी!

२००२च्या एप्रिलमध्ये तिची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली. जूनमध्ये सुमीचं वर्क परमिट संपणार, मग कायमची गावी. "मॅडम, लास्ट चान्स ला!" असं शेवटी सिंगापुरी 'ला' लावून म्हणत ती घरभर नाचली.

पण तो रविवार नेमका चौदा तारखेचा. बाबासाहेबांची जयंती, दुपारी आमच्याकडे कार्यक्रम. माझा नवरा उत्तम जहाजावर इंजिनियर. जयंती म्हटली की त्याच्या अंगात येतं. त्यानं हुकूम सोडला, "सुमी, धिस संडे नो ऑफ. खूप पाहुणे आहेत." सुमी "ओके सर" म्हणाली आणि कांदे चिरत राहिली. माझं डोकंच फिरलं. भांडले, तर म्हणतो, "एका मॅचनं काय बिघडतंय?"

शनिवारी साहेब हॉलमध्ये भाषणाची तालीम करत होते. "कामगाराला आठ तासांचा दिवस मिळावा, म्हणून बाबासाहेब झटले..."

"थांब," नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई, कमलाबाई, सोफ्यावरून म्हणाल्या. "सुमीचे आठ तास कधी भरतात रे?"

उत्तमनं भाषणाच्या कागदाची घडी घातली. मग हळूच, "आई, पण स्वयंपाक?"

"पुऱ्या तू तळ. जहाजाचं इंजिन चालवतोस, कढई झेपत नाही?"

कार्यक्रम संध्याकाळवर गेला. उत्तम घरी पीठ मळत बसला आणि आम्ही दोघी सासू-सुना मैदानावर! शेवटापर्यंत गोल होईना. इतक्यात सुमीनं बॉल काढून घेतला, एकीला चकवलं, दुसरीला चकवलं आणि डावीकडे असा पास दिला की पुढच्या मुलीनं नुसता पाय लावला. गोल! मी घसा फाटेस्तोवर ओरडले. सासूबाई तर छत्री उंचावून "जय भीम!" म्हणून गरजल्या.

संध्याकाळी गळ्यात मेडल तसंच ठेवून सुमी स्वयंपाकघरात शिरली. "सर, आय हेल्प?"

"नो," घामाघूम उत्तम म्हणाला. "टुडे युवर ऑफ." तिला हॉलमध्ये आईशेजारी बसवून पहिलं ताट त्यानंच आणून दिलं.

पुऱ्या अगदी वातड झाल्या होत्या. सुमीनं परत मागून खाल्ल्या.