पेज म्हणजे खाणं नव्हे

सोनूबाई मिऱ्याला एकटीच राहते. काजूच्या कारखान्यात गर सोलते, मुलगे मुंबईला. सोबतीला खंड्या, बावीस किलोचा कुत्रा.

त्याच्या पोटाखाली गाठ आली. डॉक्टर म्हणाले, इतक्या चरबीत भूल दिली तर उठेल याची खात्री नाही. दोन महिन्यांत दोन किलो उतरवा, मग कापतो. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही.

मी कुत्र्यांसाठी गावभर भांडत फिरते. डिग्री नाही, वाचून-विचारून शिकले. खंड्याचं खाणं मीच मोजून बांधून दिलं. दर शनिवारी आंबे भरायच्या शेडमधल्या काट्यावर वजन. तो एकटा काट्यावर ठरेना, म्हणून सोनूबाई त्याला उचलून चढायची आणि आम्ही तिचे बेचाळीस वजा करायचो.

तिसऱ्या शनिवारीही काटा चौसष्टवरच. माझं डोकं फिरलं. शेजारचा सदू मासे सुकवतो. सगळ्या वाडीसमोर मी त्याला झापला. तो म्हणाला, "ताई, पंधरा दिवसांत मी त्याला बांगड्याचं शेपूटसुद्धा दाखवलं नाय. आधी घरात बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन बसले. सोनूबाईने स्वतःला पेज घेतली आणि तीच पळी खंड्याच्या थाळीत रिकामी केली. एकदा नाही, तीनदा.

"मावशी, हे काय?"

"पेज. पेज काय खाणं झालं गो? पाणीच ते."

मी ती थाळी तिच्यासमोर फडक्यातून गाळली. वाटीभर भात निघाला. मग सदूची माफी मागायला गेले. अजून कान तापतात.

डॉक्टरांच्या तारखेआधीचा शनिवार. काटा एकसष्टवर. तीन उतरले म्हणून सदू हसला. मला हसू येईना, कारण सोनूबाईचे गाल बसले होते. तिचं उतरलेलं खंड्याच्या नावावर पडलं असेल तर ऑपरेशन गेलं.

"मावशी, त्याला खाली ठेवा. एकट्या चढा."

ती नाखुशीने चढली. काटा हलत हलत एक्केचाळीसवर थांबला. म्हणजे खंड्याचे वीस. नेमके वीस.

तेव्हा कुठे कळलं, तो समोर बसून बघतो म्हणून तिने सकाळची पेजच सोडली होती. त्याच जागी मी तिला दोन शब्द सुनावले.

सोनूबाईने खंड्याच्या गळ्यातली दोरी हातात घेतली. "माझं कशाला मोजतेस गो? गाठ त्याला आहे."