डास नसलेलं घर

बाळांनो, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, भांडीवाली मावशी आता का लंगडते. मी विषय बदलला होता. आता लिहिते.

आपल्या पवनीत हत्तीरोग अजून आहे. तो डासांमुळे पसरतो. म्हणून आरोग्य खात्याचा एक माणूस महिन्यातून एकदा सकाळी लवकर ठरावीक घरांत येतो. टॉर्च मारून भिंती, पलंगाखालची जागा, दोरीवरचे कपडे बघतो आणि बसलेले डास काचेच्या नळीत ओढून घेतो. किती सापडले ते लिहितो. आपलं घर त्याच्या यादीत आहे.

परक्या माणसाला माझ्या घरात डास दिसावेत? तो यायचा त्या दिवशी मी मावशीला आधीच बोलवून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायला लावी. "घर आहे तसंच राहू द्या," असं त्यानं बजावलं होतं. त्यानं दिलेलं पत्रकही मी वाचलं होतं, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेननं दुरुस्त करून.

"तुमच्या घरी एकही नाही भेटून राहिला, बाई," तो म्हणे.

"डासायले बी बाईचा धाक हाय जी!" मावशी हसे. मला ते आवडायचं.

घरात डास नाहीत, म्हणून मागची मोरी कुणी तपासली नाही. संडासाच्या टाकीच्या पाइपची जाळी फाटली होती; टाकीत वाढलेले डास तिथूनच बाहेर पडत. त्या पाइपखालीच बसून ती इतकी वर्षं भांडी घासत आली.

मग तिला थंडीताप येऊ लागला, पाय सुजला. रक्तात जंतू निघाले. कुठला डास, कुठे चावला, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याच्या आधारावर मी बरेच दिवस गप्प राहिले.

परवा तिला सगळं सांगितलं. "अगं, माझ्या त्या धुरामुळे मोरी तपासायची राहिली."

"काहून असं बोलता जी? धूर तं मीच करत होती," ती म्हणाली आणि ओशाळून सुजलेला पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

आज तो माणूस आला. धूर केला नव्हता. न्हाणीघरातच त्याची नळी भरली. "आजच कसे काय भेटले, बाई?" मोरीवरून मावशी माझ्याकडे पाहत होती. मी त्याला धुराचं सांगितलं, पाइप दाखवला आणि आधीची शून्यं खोडायला सांगितली.

"ते कागद तं कधीचेच वर गेले," तो म्हणाला.