होल्डबाईंचा अर्ज

"कारण कळालं का?" असं विचारून बाई उत्तराची वाट न पाहता ड्रॉवर उघडायच्या. नाही कळलं, हे आपण सांगेपर्यंत पेटीला पिवळं लेबल बांधून झालेलं असायचं. "मग पिवळं," एवढंच म्हणायच्या आणि पुढच्या पेटीकडे वळायच्या.

कारखान्यात काम केलेल्यांना हे समजावायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. हिरवं लेबल म्हणजे माल पास, लाल म्हणजे भंगार. पिवळं म्हणजे होल्ड. काहीतरी बिनसलंय पण का ते कळलेलं नाही, तेव्हा ही पेटी जागची हलवायची नाही. चाकणच्या आमच्या कंपनीत ब्रेकचे सुटे भाग बनायचे. मी प्रॉडक्शनला, बाई तपासणीला. म्हणजे गाडी भरायची घाई मला आणि ती अडवायचा पगार त्यांना. अख्खी कंपनी त्यांना होल्डबाई म्हणायची. हे नाव मी ठेवलं होतं आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

बाई लातूरकडच्या. नवरा दुसऱ्या एका कंपनीत, घर संत तुकाराम नगरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं. तपासणीला सगळी मापं होती, पण बाईंचा खरा भरवसा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. भागाच्या कडेवरून बोट फिरवलं की डोळ्याला न दिसणारी बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, त्यांना बरोबर लागायची. मी कितीदा म्हणालो, "बाई, त्या बोटाला एकदा सुट्टी द्या." त्या म्हणायच्या, "सर, तुमच्या मशीनला द्या."

एका सोमवारी बाईंनी सकाळपासून एकही पेटी अडवली नाही. सगळं हिरवं. दुपारपर्यंत गाडी भरून गेली. मी आनंदाने लाइनवर वडापाव वाटला आणि छोटंसं भाषणही ठोकलं, की बाईंना अखेर अक्कल आली, आता कंपनीचं भलं होणार. बाई हसल्या नाहीत. मला वाटलं, मान खाली गेल्याचा राग आला असेल.

आठवड्याने सगळा माल परत आला. कडाकडांना बर, माझ्या बोटालाही लागेल इतकी. बाई त्या पेटीपाशी उभ्या राहून एकाच भागावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "बोटाला काहीच कळंना झालंय."

मग डॉक्टर सुरू झाले. एकाने जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, दुसऱ्याने मानेला पट्टा. तिसऱ्याने सांगितलं, टेन्शन घेऊ नका, आणि तेवढ्याचे पैसे घेतले. तज्ज्ञांमध्ये मीही होतो. बाईंना एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, मेमधल्या उकाड्यात पाय ओढायला लागला, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं की ही सगळी हलक्या कामासाठीची नाटकं आहेत. ऐकणारे हसले. बाई पलीकडच्या टेबलावर होत्या. हे मी कधी विसरलो नाही, आणि विसरूही नये.

शेवटी निगडीतल्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. नवऱ्याची शिफ्ट होती म्हणून रिपोर्ट दाखवायला मी सोबत गेलो. पाप फेडायला म्हणा. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खाते.

"कशामुळं?" बाईंनी विचारलं.

"नेमकं कारण अजून कळलेलं नाही."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांना ड्रॉवर हवा होता हे मला कळलं.

"का कळालं नाही?"

"संशोधन चालू आहे. आपल्याकडे कमी होतं."

"का?"

"पैसा नसतो."

"का?"

"सरकार पुरेसा देत नाही."

"का?"

डॉक्टर भला माणूस, थकलेला होता. "कोणी मागत नाही हो," तो म्हणाला.

आमच्या कंपनीत शिकवलं होतं, पाच वेळा 'का' विचारा म्हणजे मुळाशी पोचाल. बाई चारमध्येच पोचल्या. जिन्यावर मला म्हणाल्या, "मग आपण मागू."

अर्ज त्यांनी कंपनीच्याच तक्त्यात केला. समस्या, मूळ कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती, तारीख. मूळ कारणासमोर लिहिलं, माहीत नाही. उपाय, या आजारावरच्या संशोधनाला निधी मिळावा असं सभागृहात मांडणे. जबाबदार व्यक्ती म्हणून आमच्या भागातल्या आमदारसाहेबांचं नाव. तारीख कोरी, ती साहेबांनी भरायची. वर कोपऱ्यात पिवळं लेबल बांधलं.

जनसंपर्क कार्यालयात बसलेल्या पीएने लेबलाकडे पाहून कोणत्या पक्षाचं म्हणून विचारलं. मग अर्ज चाळला. "ताई, नक्की काय पाहिजे? पेन्शन? ॲडमिशन? दवाखान्याचं पत्र?"

"संशोधनाला पैसे."

"तुमच्या नावावर?"

"न्हाई. संशोधनाला."

"पण लाभार्थी कोण?"

"ज्याला हा आजार पुढं होणार हाय तो. अजून त्याला बी माहीत नाही."

पीए माझ्याकडे वळला. "राव, तुम्ही तरी समजावा यांना." त्याच्या रजिस्टरमध्ये रस्ता, पाणी, ड्रेनेज, शिफारस आणि इतर असे रकाने होते. पुढे होणाऱ्या आजाऱ्यांसाठी रकाना नव्हता. बाई 'इतर'मध्ये गेल्या.

त्यानंतर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई तिथे. आधी चालत, मग काठी घेऊन, मग माझ्या स्कूटरवरून. एकच प्रश्न, "तारीख पडली का?" साहेब कधी दौऱ्यावर, कधी लग्नात. साहेबांइतकी लग्नं पुरोहितानेही पाहिली नसतील.

आणि मग साहेबांचा वाढदिवस आला. कार्यालयातून फोन, ताईंचं काम झालंय, स्टेजवर या. बाईंनी नवी साडी नेसली. स्टेजवर त्यांना हार घातला आणि पुढे एक व्हीलचेअर ढकलली. ज्या जनतेने संशोधन मागितलं तिला खुर्ची मिळाली. टाळ्या पडल्या. फोटोवाला म्हणाला, "ताई, बसा."

बाई बसल्या नाहीत. काठी माझ्या हातात दिली, वाकून खुर्चीचा ब्रेक ओढला आणि खुर्ची ढकलली. ब्रेक लावलेली खुर्ची सरळ साहेबांच्या केकपर्यंत गेली. आयुष्य ब्रेक तपासण्यात गेलेल्या बाईला भेट द्यायला यांना नेमकी हीच सापडली होती. बाईंनी पर्समधून पिवळं लेबल काढून हॅंडलला बांधलं. साहेब हसत हसत पीएला म्हणाले, "ताईंचं काय ते बघून घ्या."

"तारीख सांगा, साहेब," बाई माइकजवळ म्हणाल्या. तोवर कोणीतरी गाणं लावलं होतं.

खुर्ची शेवटी लागलीच. पाय राहिले नाहीत तेव्हा आमच्या टूलरूमच्या पोरांनी ब्रेक नवा बसवला आणि चौघांनी मिळून ती दुसऱ्या मजल्यावर चढवली. बाईंनी ब्रेक दोनदा ओढून पाहिला. नंतर सवयीने कडेवर बोट ठेवलं आणि ते उचललं.

"सर, तुम्ही बघा. बर हाय का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या बोटावर कधी विश्वास ठेवला नव्हता. मी सगळी कड दोनदा चाचपली. एका जागी होती. खोटं बोललो असतो तर त्यांना कळलं नसतं. कानस मागवली, घासून दिली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पिवळं लेबल सोडलं आणि मला म्हणाल्या, "अर्जाचं मात्र तसंच ठेवा."

गेल्या थंडीत छातीत कफ झाला आणि बाई आठ दिवसांत गेल्या. मी खांदा दिला. खूप रडलो, लपवत नाही.

महिन्याभराने कंपनीच्या पत्त्यावर कार्यालयाचं पत्र आलं. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने व्हीलचेअर देण्यात आली असून अर्ज निकाली काढण्यात आला आहे.' खाली सही, शिक्का आणि तारीख. तारीख पडली एकदाची.

पहिल्या शनिवारी मी ते पत्र घेऊन गेलो. तोच पीए, तेच रजिस्टर. बाईंच्या ड्रॉवरमधलं लेबल मी त्याच्यासमोर पत्राला बांधलं.

"आता काय पाहिजे?" तो म्हणाला. "ताई तर वारल्या ना?"

"हो," मी म्हणालो. "कारण कळलं का?"

त्याने रजिस्टर ओढून 'इतर'च्या रकान्यात माझं नाव लिहिलं.