काकांच्या विहिरीचं गोड पाणी

चूक नावाची वस्तू जगात असते, पण ती नेहमी दुसऱ्याच्या घरी नांदते, अशा समजुतीवर उभं आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शाळेतून निवृत्त होऊन ते मालवणजवळच्या खाडीकाठच्या घरी राहायला आले, तेव्हा फळा आणि खडू मागे राहिले, बरोबर उत्तर मात्र ते सोबत घेऊन आले. वेंगुर्ल्याची एस.टी. दहाला येते, असं त्यांचं म्हणणं. एकदा ती साडेनऊलाच आली आणि आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. काका थांब्यावरच्या दगडावरून हलले नाहीत. "ती कालची गाडी. उशिरान इली," म्हणाले. मी त्यांच्याबरोबर दुपारपर्यंत तिथे बसलेलो आहे.

पण त्यांची खरी श्रद्धा नारळावर. तळहातावर आडवा नारळ घेऊन ते जमिनीवरून फिरत, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी म्हणजे पाणीच. त्यांनी दाखवलेल्या सगळ्या विहिरींना पाणी लागलं होतं. आमच्याकडे कुठेही खणलं तरी पाणी लागतं, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. ऐंशी सालच्या आसपास त्यांनी स्वतःच्या घरामागच्या परड्यात नारळ फिरवला. तो उभा राहिला नेमका खाडीकडच्या कोपऱ्यात. "गुरुजी, हय खारा लागतला," गडी म्हणाले. "नारळाक काय खाडी दिसूक नाय?" असं म्हणून काकांनी कुदळ मारायला लावली. जांभा दगड फोडून विहीर झाली, भरपूर पाणी लागलं आणि ते खारट निघालं.

खारट म्हणजे डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, चहातलं दूध फाटायला लागलं. काकांनी दूधवाले बदलले. सरकारी माणूस बाटलीत पाणी घेऊन गेला आणि क्षार फार आहेत असं सांगत परत आला, तेव्हा काका कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "आधी त्या बाटलीत काय होतं, ते तपासा." मी एक घोट पिऊन तोंड वाकडं केलं, तर "मुंबयचा नळाचा पाणी पिवन तुझी जीभ मेली रे," हे मला ऐकावं लागलं. पुरावा जितका मोठा, तितके काका शांत. ते चिडले असते तर परवडलं असतं. ते आमची कीव करत.

शेवटी मार्ग काढला तो मावशीने. काका पूजेला बसले की ती वरच्या वाडीतल्या विहिरीवर जाई, घाटीच्या पायऱ्या उतरून घागर आणी आणि गुपचूप स्वयंपाकघरातल्या हंड्यात ओती. दूध फाटायचं थांबलं. "पाणी निवळला. मी काय सांगल्लंय?" म्हणत काका येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून तांब्या पुढे करू लागले. वरच्या वाडीची माणसंसुद्धा आपल्याच विहिरीचं पाणी पिऊन "गोड आसा, गुरुजी" म्हणून जात. काका सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळे हसत होते, मीही. मावशीचे गुडघे मात्र हसण्यासारखे राहिले नव्हते.

एका पावसाळ्याच्या शेवटी शेवाळलेल्या पायरीवरून ती घागरीसकट पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी रजा काढून गेलो तो ठरवूनच, की आता बोलायचं. चेपलेली घागर काकांसमोर ठेवली आणि मावशी रोज वरून पाणी आणत होती, हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी घागरीच्या पोच्यावरून बोट फिरवलं. मग आत जाऊन मावशीच्या खाटेपाशी उभे राहिले.

"ह्यो काय सांगता? तू पाणी हाडूक गेल्लंस?"

मावशीने माझ्याकडे बघितलंच नाही. "देवाक फुलां काढूक गेल्लंय," ती म्हणाली.

"आयकलंस?" काका मला म्हणाले. त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा होता. मला त्या दोघांचाही इतका राग आला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो. माणसाला खरं सांगून काही उपयोग होतो, यावरचा माझा विश्वास त्या दिवशी संपला, तो आजतागायत परत आलेला नाही.

मावशी पुन्हा चालली नाही. तिला पाणी देण्याचं काम काकांकडे आलं, आणि पाणी अर्थातच त्यांच्या विहिरीचं. वरून पाणी आणावं म्हणून मी घागर उचलली, तर तिने मान हलवून नको म्हटलं. संध्याकाळी काका पेला घेऊन आले. दारातच त्यांनी त्यातला एक घोट घेतला आणि क्षणभर ओठ आवळून उभे राहिले. मग तिच्या मानेखाली हात घालून तिला सावकाश उचललं आणि पेला तिच्या तोंडाला लावला.

"गोड आसा मां गो?" इतक्या हळू आवाजात त्यांना काही विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मावशीने पेला संपवला.

"गोड आसा," ती म्हणाली. "अजून हाडा."