नकाशावरचा कोरा रस्ता

तुम्ही कधी चोरी झालेल्या जागी उभी राहून आभाळाकडे बघणारी बाई पाहिली आहे का?

मी पाहिली. यवतमाळच्या एका कॉलेजात भूगोलाच्या लॅबमध्ये मी अटेंडंट, आणि त्या आमच्या प्रोफेसर मॅडम. जिल्ह्यात गुन्हे नेमके कुठे होतात, त्याचा त्यांना कॉम्प्युटरवर नकाशा करायचा होता. हातात जीपीएसचं यंत्र. त्याला मोकळं आभाळ लागतं, म्हणून मान वर! मॅडम पुढे, पाण्याची बाटली घेऊन मी मागे. अशा कामात किस्से शोधावे लागत नाहीत. कापूस वेचताना लुगड्याला काडीकचरा चिकटतो, तसे तेही अंगाला चिकटून घरी येतात.

*

पहिला नकाशा तयार झाला. सगळ्यात मोठा लाल ठिपका शहराच्या मधोमध! मॅडमनी झूम करून पाहिलं, तर पोलीस ठाणं!

तक्रारीत जागा नीट लिहिलेली नसली की माहिती भरणारा ठाण्याचाच पत्ता टाकून मोकळा होत होता. नकाशा पाहून ठाणेदार साहेब लालबुंद झाले.

"मॅडम, ही आमची बदनामी आहे!"

"तसं नाही साहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण आता तुमच्याकडे येताना मी पर्स घट्ट धरते!"

त्या दिवसापासून प्रत्येक जागी स्वतः जायचं, असं त्यांनी ठरवलं.

*

राळेगावकडच्या एका खेड्यात बकरी चोरीला गेली होती. गोठ्यापाशी मॅडम यंत्र धरून उभ्या. म्हातारबुवा बराच वेळ पाहत राहिले.

"बाई, यात माही बकरी दिसून राह्यली काय?"

"नाही हो आजोबा. यात फक्त जागा कळते."

"जागा तं मले ठाऊक हाय वं माय! बकरीच नाई ना!"

परतताना एसटीत मॅडम एवढ्या हसल्या, की कंडक्टरनं तिकीट दोनदा मागितलं.

*

पण एका रस्त्यावर त्यांचं हसू थांबलं. कापसाची ती वाईट वर्षं. जवळच्या शेतांत वेचायला काही उरलं नव्हतं, म्हणून बाया लांब जायच्या आणि अंधार पडताना परतायच्या. वाटेत मोटारसायकलवाले गळ्यातल्या पोती ओढून न्यायचे. हे सगळ्यांना माहीत, पण नकाशावर तो रस्ता कोरा!

मॅडमनी गस्त मागितली. ठाणेदार म्हणाले, "एकही तक्रार नाही, एकही ठिपका नाही. गस्त कशाच्या आधारावर लावू?"

"ठिपके आणते," मॅडम म्हणाल्या.

*

आम्ही शेतात गेलो. मॅडमनी चोऱ्यांचं विचारलं, तरी बाया वेचतच राहिल्या. शेवटी तांड्यावरची कमलाबाई बोलली.

"चोरीचं सांगतलं तं घरचे उद्या कामाले जाऊ देनार नाईत. आमी घरी सांगतो, पोत तुटून पडली. तुमाले नाव देऊन घरात बसू काय?"

"नकाशावर नाव नसतं कमलाबाई. फक्त जागा."

"मंग जागेवर नुसतं उभं राह्यलं तं चालते?"

"चालतं!"

कमलाबाई मागे वळून ओरडली, "आयकलं काय वं पोरीहो? उद्या घरी जाताना जिची पोत जिथं गेली, तिनं तिथं उभं राहा!"

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी ठाणेदारांना जीपसकट आणलं. मी मागच्या सीटवर. वळण घेतलं आणि जीप आपोआप हळू झाली. पुलावर एक बाई उभी. बोरीच्या झाडापाशी दोघी. पुढे नाल्यापर्यंत बायाच बाया, डोक्यावर गाठोडी. मॅडम खाली उतरून एकेकीजवळ जाऊन यंत्र धरत होत्या. ठाणेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

वाटेतल्या एका बाभळीपाशी मात्र कोणीच नव्हतं. माझं गाव त्याच रस्त्यावर. मी जीपमधून उतरले आणि झाडाखाली जाऊन उभी राहिले.

"ताई, तुम्ही तिथे काय करताय?" मॅडमनी विचारलं.

"ठिपका घ्या मॅडम."

त्या माझ्याजवळ आल्या. यंत्र धरलं आणि मान वर करून आभाळाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताना बाया वेचणीहून परतल्या, तेव्हा पोलिसांची जीप नाल्यापाशी उभी होती.